फेरी क्रमांक सात आणि नऊ कुत्री

कल्पना करा, तुमच्या दोन्ही हातांत एकेक पट्टा आहे. उजव्या पट्ट्याच्या टोकाला बेचाळीस किलोंचा कुत्रा आहे, आणि या जन्मात जेवढं चालायचं तेवढं आपलं चालून झालं असं त्याचं ठाम मत आहे. डाव्या टोकाला सहा किलोंची कुत्री आहे, तिला वाटेतला प्रत्येक दगड वेगळा हुंगायचा आहे. वसंतातली सकाळ आहे, वारा सुटलाय, मोहरीची शेतं पिवळी झालीत. तुम्हाला तीन गावांना वळसा घालून चौदा किलोमीटर चालायचंय आणि चार वाजता परत यायचंय. चार म्हणजे चार.

मीटरताईच्या हातात त्या दिवशी हेच दोन पट्टे होते.

तिला सगळे मीटरताईच म्हणायचे. अठरा वर्षं ती घरोघर जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपत होती. माणसांची नावं तिच्या डोक्यात राहत नसत, मीटरच्या जागा राहत. 'जिन्याखालचं मीटर' म्हणजे शिंपीण, 'दारामागचं' म्हणजे सुतार. गेल्या वर्षी स्वतःचे आकडे स्वतःच पाठवणारी मीटरं बसली. खात्याने तिला भिंतीवरचं एक घड्याळ दिलं, छापील आभारपत्र दिलं आणि घरी पाठवलं. बसून बसून तिच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. शेवटी तिने ठरवलं, लोकांची कुत्री फिरवायची.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं तेच शाळेतल्या बाईंचं. बाई म्हणजे तिच्याच शाळेच्या मुख्याध्यापिका, आता निवृत्त, कंबरदुखीमुळे कमरेला पट्टा. उभा जन्म व्याकरण शिकवण्यात गेलेला, त्यामुळे बसला की न उठणारा कुत्रा पूर्णविराम आणि दोन पावलांवर थांबणारी कुत्री स्वल्पविराम. त्यांच्या कॉलनीत बाईंचा शब्द शेवटचा असे. आणखी चार घरं नुसती वाट बघत होती. बाईंनी हो म्हटलं की पाच घरांचं काम, नाही म्हटलं की घरी बसून घड्याळाकडे बघणं.

"वाटेत काही खायला घालायचं नाही," बाई म्हणाल्या होत्या. "परक्या कुत्र्यांत मिसळू द्यायचं नाही. आणि चारला फाटकात. शाळेत तू एक दिवसही वेळेवर आली नाहीस, माझ्या लक्षात आहे."

"बाई, तेव्हा आमच्याकडे घड्याळ नव्हतं."

"आता आहे ना?"

"आहे. खात्याने दिलंय. बंद पडलंय."

बाई हसल्या नाहीत, पण चष्मा पुसायला लागल्या.

दहाला ती निघाली. कालव्याच्या काठाने सरळ जायचं असं तिने रात्री कागदावर आखलं होतं. पण ऊन असं कोवळं होतं, झाडांना अशी पोपटी पालवी फुटली होती आणि मधमाश्या अशा घाईत होत्या की तिलाही काही सुचेना. वर्षभराने पायांना रस्ता मिळाला होता. ती गुणगुणत होती. पूर्णविरामसुद्धा चालत होता, म्हणजे बघा. पहिल्या गावाच्या पुलाशी पाय आपोआप डावीकडे वळले. तिची मीटर वाचायची फेरी क्रमांक सात पुलावरून डावीकडे वळायची. अठरा वर्षांत ती कधी सरळ गेलीच नव्हती. पायांनी डोक्याला विचारलंच नाही.

सुताराच्या फाटकात त्याचं तांबडं कुत्रं बसलं होतं. तिला बघून ते उठलं, फाटकाखालून सरपटत बाहेर आलं आणि मागोमाग चालू लागलं.

"जा घरी," ती म्हणाली.

ते शेपूट हलवत आणखी जवळ आलं.

"अरे, जा घरी म्हणतेय ना."

आता ते तिच्या पोटरीला अंग घासत चालायला लागलं. पुढे शिंपिणीचं लंगडं, गिरणीवाल्याचं पिठाने पांढरं झालेलं मूळचं काळं, आणखी दोन फाटकांतली दोन, शेवटी पंक्चरवाल्याकडच्या दोघी बहिणी कुत्र्या. ती 'जा घरी' म्हणे आणि वरात लांबे. दुसरं गाव सुटेपर्यंत मागे सात झाली होती. सहाव्या कुत्र्याशी तिच्या डोक्यात उजेड पडला. अठरा वर्षं प्रत्येक फाटकात ती अर्धं बिस्किट टाकायची आणि टाकताना न चुकता म्हणायची, जा घरी. या कुत्र्यांना तिनेच शिकवलं होतं की 'जा घरी' म्हणजे चांगलं काहीतरी मिळणार. ती त्यांना हाकलत नव्हती, आमंत्रणं वाटत चालली होती.

आणि खिशात बिस्किटाचा चुरासुद्धा नव्हता. खरं तर रडू यायला हवं होतं, पण तिला हसू फुटलं. बांधावर बसून ती पोट धरून हसली आणि नऊ कुत्री गोल करून तिच्याकडे बघत राहिली. पूर्णविरामाला इतकी मंडळी बघून अंगात वारं शिरलं होतं. दांडग्या देहाने तो लहान पिल्लासारखा मोहरीत उड्या मारत होता, नाक पिवळंधमक करून.

तिसऱ्या गावाआधी मोठा रस्ता लागतो. तिथे तिच्या नवऱ्याची बस आली. त्याने ती थांबवली आणि खिडकीतून मान काढली. मागून सगळ्या प्रवाशांनी काढली.

"अगं, सकाळी दोन नेली होतीस ना?"

"हो."

"मग ही?"

"झाली."

"व्याज बरं आहे तुझ्या धंद्यात. बाईंना काय सांगणार?"

"आधी रस्ता कसा ओलांडू ते सांग."

"ओलांडू नकोस. ट्रक बघतेस ना? दोन वाजलेत. ही सोडून दे आणि पळ, चारला पोचशील."

तो गेला. सोडून दे म्हणणं सोपं होतं, पण कुत्री सुटायला तयार नव्हती, आणि सुटली तरी ट्रकांमधून तिच्याच मागे धावत आली असती. बाई, पाच घरं, चार वाजले नाहीत तोवर सगळं हातात होतं. तिने रस्त्याकडे पाहिलं, कुत्र्यांकडे पाहिलं, आणि उलट फिरली. एकेकाला त्याच्या दारात पोचवायचं, मग किती का वाजेनात.

पंक्चरवाल्याच्या दारात दोघी बहिणी आत जायला तयार होईनात. ती डोकं खाजवत उभी राहिली. आपण रोज काय करायचो? फाटक, बिस्किट, मीटर, आकडा, आणि शेवटी जाड वही फट्कन मिटायची. वही मिटली की कुत्रं आपल्या जागेवर जाऊन पडायचं, काम संपलं म्हणून. आज वही मिटलीच नव्हती. कुत्र्यांच्या लेखी ड्युटी अजून चालू होती.

वही नव्हती. तिने डाव्या पायातला बूट काढला, मीटरच्या पेटीसमोर उभं राहून गंभीर चेहऱ्याने आकडे पुटपुटले आणि बूट तळहातावर हाणला. फट्. दोघी बहिणी वळल्या आणि टायरांच्या ढिगाशेजारी जाऊन लवंडल्या.

मग तिला आवरणं कठीण होतं. एका पायात बूट, एका हातात बूट, दोन पट्टे मनगटाला, अशी ती फेरी क्रमांक सात उलटी धावत सुटली. गिरणीत फट्. शिंपिणीच्या जिन्याखाली फट्.

शिंपीण तोंडात टाचण्या धरून बाहेर आली. "ताई, बिल वाढून येणार का?"

"नाही हो, कुत्रं परत करतेय."

"मग बूट कशाला?"

"वही आणली नाही."

शिंपिणीने यावर विचार केला आणि टाचण्या सांभाळत मान डोलावली. समोरची बाई एवढी खात्रीने बोलत असेल तर खरंच असणार.

शेवटी सुताराचं तांबडं कुत्रं दारामागे जाऊन पडलं, तेव्हा चार वाजून गेले होते.

बाईंच्या फाटकात ती पोचली ती चार सदतीसला. मोजा चिखलाने भरलेला, केसांत मोहरी. पूर्णविराम उंबऱ्यावर निम्मा आत, निम्मा बाहेर झोपला. स्वल्पविराम मात्र कुठेही न थांबता सरळ घरात चालत गेली. बाई आरामखुर्चीतून तिच्याकडे बघत राहिल्या. सहा वर्षांत असं झालं नव्हतं.

"सदतीस मिनिटं उशीर," बाई म्हणाल्या.

"हो बाई."

"परक्या कुत्र्यांत मिसळले?"

"परकी नव्हती बाई, पण मिसळले."

"दोन गावांतून फोन आले मला. एक म्हणाला, तुमची बाई कुत्र्यांची सहल काढतेय. दुसरी म्हणाली, हातात बूट घेऊन धावतेय, कुणी तरी सांभाळा." बाईंनी चष्मा काढला. "सात कुत्री वाटेत सोडून तू चारला आली असतीस, तर मी तुला आत घेतलं नसतं. उद्यापासून वेळ पाच. चार घरांना मी कळवते."

मीटरताई मटकन पायरीवर बसली. बूट अजून हातातच होता. तिने तो पायात घालायला घेतला.

"आणि तो सुतार," बाई पुढे म्हणाल्या, "त्याचा फोन सगळ्यात लांबला. ते नवं मीटर बसून अकरा महिने झाले म्हणे. तरी दर महिन्याच्या नऊ तारखेला त्याचं कुत्रं सकाळपासून फाटकात जाऊन बसतं. आठला नाही, दहाला नाही."

फेरी क्रमांक सात नेहमी नऊ तारखेला असायची. मीटरताईने बाईंच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. आज नऊच तारीख होती. तिची बुटाची नाडी हातातच राहिली.

"बाई, तुम्ही शिकलेल्या," ती हळूच म्हणाली. "महिना कधी तीसचा, कधी एकतीसचा, त्यात फेब्रुवारीचं काही खरं नाही. मला सुद्धा तारीख वहीत बघावी लागायची. मग ते बसून मोजतं तरी कसं?"