रक्तात सापडलेली मेंढी

प्रयोगशाळेत तिला सगळे चाळणीबाई म्हणत, अगदी तोंडावर. कामच तसं होतं. तळमजल्यावरचं यंत्र रक्तातल्या प्रथिनांचे तुकडे करून त्यांची वजनं द्यायचं आणि कुठला तुकडा कुठल्या प्रथिनाचा, हे तिनं लिहिलेला प्रोग्राम ओळखायचा. त्यातलं खरं किती नि भास किती, ते चाळायची ती.

एकदा मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तात एक वेगळं प्रथिन दिसलं. निरोगी माणसांत ते नव्हतं. प्रमुख मॅडम हरखून गेल्या. आजार आधीच ओळखता येणार होता. चाळणीबाईही मनातून सुखावली. तिचा थोरला भाऊ याच आजारानं डायलिसिसवर होता आणि दर भेटीत विचारायचा, "माझ्या पोरीचं रक्त कधी तपासताय?" आजार घराण्यातलाच होता.

पण एका तुकड्याचं वजन काही केल्या जुळेना. बाकीचे जुळत होते, सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. तिला ते गिळवेना. नमुने तयार करणाऱ्या मुलीला तिनं गाठलं.

"रुग्णांचे नमुने कधी केलेस गं?"

"थंडीत. हीटर बंद होता ना, लोकरी स्वेटर घालूनच बसायचे. निरोगींचे उन्हाळ्यात केले होते."

लोकरीचे तंतू नळीत पडले असणार, चाळणीबाईच्या ध्यानात आलं. प्रोग्रामला तिनं फक्त माणसाची प्रथिनं दिली होती. ज्याला माणसंच ठाऊक, तो मेंढीलाही माणूसच म्हणणार. तिनं यादीत मेंढीची प्रथिनं घातली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. सगळे तुकडे मेंढीकडे गेले, तो हट्टी तुकडासुद्धा.

"लेख छापायला पाठवायच्या वेळी सांगतेस?" मॅडम म्हणाल्या.

"पाठवल्यावर सांगू का?"

मॅडमनी समोरचा लेख मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "नमुने पुन्हा करू. स्वेटर काढून."

भावाला सांगणं जास्त जड गेलं. तो डायलिसिसच्या खुर्चीत होता.

"दादा, ते प्रथिन लोकरीचं निघालं."

"म्हणजे माझ्या रक्तात मेंढी?"

"तुझ्या नाही रे. नळीत."

तो हसला, पण लगेच तोंड फिरवलं त्यानं. मग म्हणाला, "पोरीला काही नाही म्हणून सांगितलं असतंत, आणि ते खोटं ठरलं असतं तर?"

"म्हणून तर पुन्हा तपासलं."

मशीन थांबेपर्यंत ती त्याच्याजवळ बसून राहिली.

नव्या नमुन्यांत काहीच वेगळं सापडलं नाही. भाचीची साधी लघवीची तपासणी मात्र दरवर्षी होते. तिला घेऊन आत्याच जाते.