शेवटच्या फेरीतलं बटण

रविवारी वाचनालयाच्या माडीवर आम्ही दोघं बुद्धिबळ खेळतो, त्याला दहाबारा वर्षं झाली. मी निवृत्त शिक्षक, ते एसटीतले निवृत्त कंडक्टर. जन्मभर न चुकता डबल बेल मारलेला हा माणूस चाल केल्यावर आपली वेळ थांबवणारं घड्याळाचं बटण दाबायला मात्र हमखास विसरतो. मग मी म्हणायचं, "भाऊ, बटण." मी विसरलो की ते म्हणायचे, "गुरुजी, बटण." आमच्यात हे ठरूनच गेलेलं.

यंदा रत्नागिरीतल्या स्पर्धेत शेवटच्या फेरीला नेमकी आमचीच गाठ पडली. जिंकेल त्याला ज्येष्ठ गटाचा करंडक. मला आयुष्यात कशातच बक्षीस मिळालेलं नव्हतं. शाळेत इतरांना वाटत आलो, तेवढंच. तो करंडक मला हवा होता. उगाच साधूपणाचा आव आणत नाही.

डाव माझ्या हातून गेल्यातच जमा होता. त्यांचा एक हत्ती जास्त होता. त्यांनी वजिराने शह दिला, दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि पटाकडे बघत बसले. बटण दाबलंच नव्हतं. त्यांची चार मिनिटं उरली होती आणि ती पळत होती.

शब्द ओठांवर आला होता. मी तो गिळला. कपाळाला हात लावून विचारात पडल्याचं सोंग केलं. राजाला सरकायला एकच घर होतं, त्यात विचार कसला करायचा? तीन मिनिटं. दोन. घड्याळात शून्य आलं तेव्हा मी म्हणालो, "वेळ संपली." आवाज माझाच होता, पण मला तो ओळखू येईना.

त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दाबलंच नाय मी," एवढंच म्हणाले. हात मिळवला, निकालाच्या कागदावर सही केली. नियमाने सगळं बरोबर होतं. करंडक घेऊन मी घरी आलो. वर्गात कॉपी करणाऱ्या पोरांना उभं करणारा मी असा निघालो, हा धक्का अजून पचलेला नाही.

पुढच्या रविवारी ते येणार नाहीत असं धरूनच मी माडी चढलो. ते पट मांडून बसले होते. करंडकाबद्दल अवाक्षर नाही. पाचव्या चालीला माझं लक्ष उडालं. त्यांनी पटावरची नजरही उचलली नाही.

"गुरुजी, बटण."

माझा हातच उचलेना. शेवटी त्यांनीच हात लांब करून माझ्या बाजूचं बटण दाबलं.