रनवेवर साचलेलं पाणी

फवारणीच्या पंपाने शेवटचा हात मारला आणि पाणी रनवेवर साचलं. दहाला ब्रीफिंग. घड्याळात नऊ वीस.

मी नगरजवळच्या एका लष्करी ट्रेनिंग सेंटरमध्ये सँड मॉडेल करतो. म्हणजे मोठ्या हौदात वाळूचे डोंगर, रस्ते उभे करायचे. ऑफिसर त्यावर लढाई शिकतात. त्या दिवशी महायुद्धातलं एक बेट होतं. शत्रूने बळकावलेलं, त्यावर त्याचा विमानतळ. मूठभर कमांडो समुद्रातून उतरले, डोंगरातून आत शिरले आणि विमानांना स्फोटकं लावून पसार झाले. पहाऱ्याला ते दिसले का नाहीत, हे मेजरसाहेब शिकवणार होते.

वाळू धरून राहावी म्हणून पाणी मारतात. पण रनवेवर तळं? मी श्रीगोंद्याकडचा, उसाला पाणी देत वाढलेला. पाणी भलतीकडे गेलं की वाट कुठेतरी चुकलेली असते.

नकाशा काढला. सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ म्हणजे कंटूर. ओढा असो की डोंगराची सोंड, रेघा सारख्याच वळतात. फरक उंचीच्या आकड्यांत. ते न वाचताच मी ओढ्याच्या जागी सोंड उभी केली होती. कमांडो त्याच ओढ्यातून गेले होते. घरातला मी पहिला बीए, तोही भूगोलाचा.

मदतीला असलेले सुभेदार म्हणाले, "सायबांनी काल पास केलंय. तुझ्या पर्मनंटच्या कागदावर आज सही हाय. गप ऱ्हा."

"ऑफिसर उघड्या सोंडेवरून प्लॅन करतील."

"बीएला वढा दिसला न्हाई व्हय?" म्हणाले, आणि बाह्या सारल्या.

मी मेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, मॉडेल चुकलंय. सोंड आहे तिथे ओढा हवा."

"काल का नाही सांगितलंस?"

"काल कळलं नव्हतं."

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

"तीस."

सुभेदारांनी सोंड उपसली, मी ओढा कोरला. परत पंप मारला. पाणी रनवेच्या कडेने निघून गेलं. पायऱ्यांवर बूट वाजत होते.

मेजरसाहेबांनी पहारेकऱ्याच्या टाचणीपासून ओढ्यापलीकडे, त्याची नजर म्हणून, दोरा ताणला. दोरा काठाला टेकला. कमांडोंच्या टाचण्या त्याच्या खाली राहिल्या.

"दिसले?"

ऑफिसर वाकून ओढ्यातल्या टाचण्या बघू लागले.

संध्याकाळी कागद हातात आला. प्रोबेशन तीन महिने वाढवलेलं. शेरा होता : चूक केली, स्वतः सांगितली.

"दोनी खरं हाय," सुभेदार म्हणाले.

तीन महिन्यांनी पर्मनंट झालो. आता आकडे आधी वाचतो आणि पाणी आदल्या दिवशी मारतो.