प्रभुलिंग अण्णांचा पुराचा सराव

पंचगंगेकाठच्या त्या गावात प्रभुलिंग अण्णांना सगळे कंट्रोलर म्हणत. एस.टी. स्टँडावरच्या खिडकीत त्यांची तीस वर्षं गेली होती. मलकापूर गाडी किती वाजता सुटणार आणि चंदगड गाडी का सुटणार नाही, हे माइकवरून सांगता सांगता त्यांचा असा समज झाला होता, की गाड्या डिझेलवर चालत नाहीत, घोषणेवर चालतात. निवृत्त होऊन ते गावी आले, तेव्हा घोषणा ऐकायला घरात एकटी बायको उरली होती.

शांतादेवी मात्र घोषणेनं हलणारी बाई नव्हती. २००५ च्या महापुरात ओढ्याला उलटं पाणी चढताना बघून तिनं धान्य माळ्यावर टाकलं, जळणाच्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, पोत्यात भरून वर चढवल्या आणि म्हस बहिणीच्या गावाला धाडली. अण्णा तेव्हा रेडिओला कान लावून अधिकृत सूचनेची वाट बघत होते. सूचना आली, त्या वेळी पाणी त्यांच्या खुर्चीच्या बैठकीला लागलं होतं. पण पूर ओसरल्यावर पारावर बसून अण्णाच सांगायचे, "आम्ही समदं टायमात हलवलं." या 'आम्ही'त शांतादेवी कुठं बसते, हे कुणी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी पाडव्याच्या सुमाराला तालुक्याहून पत्रक आलं. प्रत्येक गावानं आपत्ती समिती नेमावी आणि पावसाळ्याआधी एक सराव घ्यावा. सरपंच कृष्णात ऊसतोडीच्या गडबडीत होता. रिकामा माणूस गावात एकच होता, त्यामुळं अध्यक्ष शोधायला वेळ लागला नाही.

चैत्रात घरामागच्या परड्याला हजार कामं असतात. शांतादेवी पहाटेच हौद भरायची, मग शेण सावडायची. वाळलेल्या शेणींचा हुडवा रचायचा होता, जळण झाकायचं होतं, कौलं परतायची होती. तिनं नवऱ्याला एकच काम सांगितलं.

"आवं, गंजीभवतीचा पालापाचोळा तेवढा झाडून काढा की. शेजारच्या उसाच्या फडात पाचट पेटवाय लागल्यात. एक ठिणगी आली म्हंजे कडबा गेला."

"मी गावाचं बघू का परडं?" अण्णा म्हणाले आणि नकाशा काढायला बसले.

रविवारी सकाळी नऊला सराव ठरला. शिट्टी वाजली की प्रत्येकानं एक गाठोडं घेऊन पंधरा मिनिटांत टेकावरच्या बसवेश्वराच्या देवळात पोचायचं. अण्णांनी देवळाच्या स्पीकरवरून नियम वाचून दाखवला, "जो खाली राहील, तो बुडाला असं समजण्यात येईल."

"मग मला बुडाल्याली समजा," शांतादेवी घरी म्हणाली. "माझ्या शेणी वाळल्यात."

शेजारची बाळाबाई म्हणाली, "मलाबी बुडवा. माझ्या कुरडया घालायच्या हाईत." तिच्या मदतीला आलेली धोंडुबाईसुद्धा बुडाली. अशा सहा बायका सराव सुरू व्हायच्या आधीच नदीला अर्पण झाल्या.

बाकी गाव टेकावर चढलं. कुणी रिकामं गाठोडं आणलं होतं, कुणी डबा आणला होता. अण्णा यादीवर खुणा करत होते. तेवढ्यात आकाराम गवंडी कठड्यापाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अण्णा, तुमच्या परड्यातनं धूर निघतोय."

अण्णांनी मान वर केली नाही. "आजचा सराव पुराचा हाय. आगीचा पुढच्या रविवारी."

"आवं, सराव न्हवं! तुमची गंजी पेटलीया की!"

मग अण्णांनी बघितलं. यादी हातातून गळाली. चपला देवळाच्या पायरीला ठेवल्या होत्या, त्या तिथंच राहिल्या. टेकावरून ते पळत सुटले, आणि त्यांच्यामागं सगळं गाव गाठोड्यांसकट.

खाली बुडालेल्या बायका कामाला लागल्या होत्या. शांतादेवीनं पहिल्यांदा म्हशीचं दावं कापलं. बाळाबाईनं कुरडयांचं ओलं लुगडं उचलून पेटत्या कडेवर टाकलं. धोंडुबाई हौदातून घागरी भरून देत होती, बाकीच्या तिघी हातोहात पुढं सरकवत होत्या. शांतादेवी दाताळ्यानं न पेटलेल्या पेंड्या ओढून बाजूला काढत होती.

अण्णा पोचले तेव्हा निम्मी गंजी राख झाली होती आणि निम्मी वाचली होती. हुडव्याला धगसुद्धा लागली नव्हती. बाळाबाईचा तळहात भाजला होता. धुरानं तोंड काळं झालेली शांतादेवी घागर खाली ठेवून म्हणाली, "आला व्हय? किती मिनटं लेट?"

तळपायाला चटके बसत होते, तरी अण्णा राखेतच उभे राहिले. गंजीभोवतीचा पालापाचोळा जळून जागा आता अगदी स्वच्छ दिसत होती. त्यांनी न झाडता.

संध्याकाळी अहवाल लिहायचा होता. "वाचलेले दोनशे अकरा, बुडालेले सहा," इथवर लिहून अण्णा थांबले. पुढं त्यांनी लिहिलं, "बुडालेल्या सहा जणींनी आग विझवली." कृष्णातनं ते वाचून डोकं खाजवलं. "अण्णा, ह्ये तालुक्याला कळायचं न्हाई." त्यानं ती ओळ खोडून 'सराव यशस्वी' असं लिहिलं आणि शिक्का मारला. जूनमध्ये उत्कृष्ट नियोजनाचं प्रशस्तिपत्र आलं, अण्णांच्या नावाचं. सत्काराला त्यांना भाषण करायला सांगितलं. ते उठले, माइक हातात घेतला, "बाळाबाईच्या हाताला अजून बरं न्हाई," एवढंच बोलले आणि बसले. लोकांना वाटलं, अण्णा आजारी आहेत.

जुलैत नदी पुन्हा चढायला लागली. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. "अध्यक्ष, कवा निघायचं?"

अण्णा शेणींचं पोतं पाठीवर घेऊन शिडी चढत होते. घामाघूम झाले होते. "मला काय इचारताय पावणं?" ते वरूनच ओरडले. "हिला इचारा. सकाळीच म्हस बहिणीकडं धाडलीया तिनं."

दुपारपर्यंत निम्मी गल्ली रिकामी झाली.