दाराबाहेर चपला ठेवू देणारं जहाज

क्रूझवर जाऊन आलेली माणसं आपल्या आवडत्या जहाजाबद्दल बोलायला लागली की थांबत नाहीत. आमच्याकडे बैलजोडीबद्दल बोलत, तसंच. ते जुनं जहाज काय होतं, त्यावरच्या जेवणाला काय चव होती, आणि आताच्या जहाजांत ती मजाच नाही. मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या जहाजाच्या डेकवर पुण्याचं एक जोडपं आम्हाला आपली सगळी जहाजं ऐकवत होतं. शेवटी त्या बाईंनी विचारलं, "तुमचं आवडतं कुठलं?" आमचे हे म्हणाले, "हेच. दुसरं पाह्यलंच कुठं?" बाई हसल्या. उत्तराला हसल्या की आमच्या बोलीला, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

आम्ही बुलढाण्याजवळच्या धाडचे. हे एसटीत ड्रायव्हर होते, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. दोघं रिटायर झाल्यावर मुलीनं हट्ट धरला की आईबाबांनी एकदा तरी समुद्र पाहावा. बुलढाण्याहून घाट उतरून मलकापूरला गेलो, तिथून रेल्वेनं मुंबई, आणि मग ते जहाज. मला वाटलं होतं, हे दोन दिवसांत कंटाळतील. कुठलं काय! पहिल्याच दिवशी पायातलं काढून उभे राहिले आणि म्हणाले, "इंजिन तळपायाले लागते." बस सोडल्यापासून त्यांना तेवढं एकच हवं होतं बहुतेक. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. नातेवाईक देवाधर्माला जात, पोरांकडे जात. आम्ही आपले जहाजावर. गावात आमचं नावच पडलं, जहाजवाले.

जहाज काही फार मोठं नव्हतं. कुठल्याशा परदेशी कंपनीनं वापरून झालेलं, मग इकडे आलेलं. लाकडी कठडे हात लागून लागून गुळगुळीत झालेले. लिफ्ट कण्हत वर जायची. उंबऱ्यांना पितळी पट्ट्या होत्या आणि प्रत्येक मजल्यावरच्या गालिच्याची जाडी वेगळी. आम्ही दर वेळी त्याच मजल्यावर खोली मागायचो. आणि दर वेळी खोलीत शिरताना चपला दाराबाहेर काढायचो, घरी काढतो तशा. पायातलं घालून झोपायच्या खोलीत जायचं हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही. शेजारच्या खोल्यांतले लोक पाहून जायचे. खोली आवरणारा केरळचा माणूस सुरुवातीला चपला उचलून आत ठेवायचा, आम्ही परत बाहेर ठेवायचो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो त्या स्वतःच सरळ करून ठेवायला लागला होता.

त्याच तिसऱ्या खेपेला मला कळलं. मी चपला घालून वर डेकवर गेले होते, हे चहा प्यायला गेले होते. मी खाली आले तर बोळाच्या दुसऱ्या टोकाला हे. एक हात कठड्यावर, आणि पाय गालिच्यावर चाचपत, एकेका दारापुढे थांबत येत होते. दारावरचा नंबर ते वाचत नव्हते. पायानं माझ्या चपला शोधत होते. मी जागच्या जागी थांबले. हाक मारावी असं वाटलं आणि मारवेना. मग मी गुपचूप पुढे गेले, आमच्या दारापुढे चपला काढल्या आणि अनवाणी बाजूला उभी राहिले. ते आले, पायाला चपला लागल्या, लगेच कार्ड लावून दार उघडलं आणि रिकाम्या खोलीला म्हणाले, "चहा लय पांचट होता वं." मी मागून म्हटलं, "सांगायचं ना मग त्यांना." माझा आवाज नेहमीसारखा निघाला, याचं मला आजही नवल वाटतं.

घरी आल्यावर बुलढाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येत नाही, थेंब घातले तर उरलेली टिकेल. समोरचं थोडंफार दिसत होतं, बाजूचं जवळजवळ गेलेलं.  परतीच्या एसटीत हे म्हणाले, "गावात बोलायचं नाही."

मला ते मान्य नव्हतं, पण कारण ठाऊक होतं. माझे सासरेही शेवटी शेवटी असेच आंधळे झाले होते. त्यांना अंगणात बाजेवर बसवलेलं असे. कोणी काठीचं टोक धरून नेलं तर जायचं, नाहीतर तिथंच. लोक येऊन त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलत, जसं काही त्यांना ऐकूही येत नाही. यांनी ते लहानपणापासून पाहिलं होतं. स्वतःच्या मनानं घराबाहेर पडणं बंद झालं की माणूस संपला, असं यांच्या डोक्यात बसलेलं. तेव्हा स्कूटर विकली ती पेट्रोल महाग झालं म्हणून, पेपर बंद केला तो खोटं छापतात म्हणून. लोकांना पटायचंही.

जहाज का आवडतं, ते मला तेव्हा नीट उमगलं. तिथं यांना कोणाची गरज पडत नव्हती. कठडा कुठं संपतो, पितळी पट्टी कुठं येते, गालिचा कुठं जाड होतो, सगळं पायांनी पाठ केलेलं. धाडच्या रस्त्यावर आज खड्डा, उद्या हातगाडी, परवा कोणाची म्हैस. जहाजावर तसं काही नाही. समुद्राच्या मधोमध यांना अगदी मोकळं वाटायचं.

मग कोरोना आला आणि जहाज बंद पडलं. पुढे कळलं की ते मोडीत गेलं. कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. किनाऱ्यावर चढवलेलं, पुढून अर्धं कापलेलं. यांनी फोन पार नाकाला लावून पाहिला. "तेच हाय काय?" मला विचारलं. मी म्हटलं, "हो, तेच." हे उठून मोरीत गेले आणि उगाच हातपाय धूत बसले. मला फार वाईट वाटलं. लोखंडाचं नाही, यांचं.

इकडे गावात ज्येष्ठ नागरिकांचं मंडळ निघालं होतं. त्यात कोणी रिटायर तलाठी, कोणी मास्तर, कोणी भाजीपाला पिकवणारे. सगळ्यांना आता जहाज पाहायचं होतं, आणि घेऊन जाणार कोण, तर अर्थातच आमचे हे. एवढा अनुभव दुसऱ्या कोणाला? यांनी हो म्हटलं. मी घरात विचारलं, "काऊन हो म्हटलं?" तर म्हणाले, "नाही म्हणायले कारण काय सांगू?"

म्हणून आधी आम्ही दोघंच नवं जहाज पाहायला गेलो. बाप्पा, काय ते जहाज! मजल्यावर मजले, काचेच्या लिफ्टी, पोरांना घसरायला पाण्याच्या घसरगुंड्या, भिंतीभर टीव्ही. मला आवडलं, खोटं कशाला सांगू. जेवण तर फारच छान. पण बोळाला कठडा नव्हता, गालिचा सगळीकडे सारखा आणि सगळी दारं एकाच रंगाची. आम्ही चपला बाहेर काढल्या. थोड्या वेळानं पाहिलं तर माझ्या गायब. बोळात काही ठेवायचं नाही, असा त्यांचा नियम. कोणीतरी उचलून हरवलेल्या सामानात जमा केल्या होत्या. मी त्या आणायला निघाले होते, मग मनात म्हटलं, हे चहाला गेलेत, ते आल्यावरच जाऊ.

हे आलेच नाहीत. मी बोळ पालथा घातला, वर गेले, खाली गेले. चहाच्या जागी नाहीत, डेकवर नाहीत. चारी बाजूंना पाणी आणि माणूस सापडत नाही म्हटल्यावर मी अनवाणीच दिसेल त्या नोकराला विचारत सुटले. शेवटी दोन सुरक्षारक्षक यांना दंडाला धरून घेऊन आले. दुसऱ्याच मजल्यावर, दुसऱ्याच कोणाच्या खोलीच्या दाराशी हे कार्ड लावत होते. आतली बाई घाबरली आणि तिनं फोन केला. रक्षक माझ्याशी बोलत होते, यांच्याशी नाही. "अंकल को अकेला मत छोड़िए," असं यांच्यासमोर मला सांगितलं. यांचा चेहरा मला पाहवेना.

उरलेला प्रवास हे खोलीतच बसले. मी खिडकीतून दिसेल ते सांगत होते, तर म्हणाले, "जहाज बेकार हाय." तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "जहाजाला काऊन नावं ठेवता? सांगून टाका ना लोकांना. तुमच्या जिवावर एवढी माणसं घेऊन यायची आणि त्यांच्यासमोर असं धरून आणलं तर काय कराल?"   त्यानंतर मलकापूरपर्यंत आमचा अबोला होता.

मंडळाची बैठक विहाराशेजारच्या हॉलमध्ये, बाजाराच्या दिवशी ठरलेली. घरून निघताना यांनी बजावलं, "तू मधात बोलू नको." मला वाटलं, झालं, आता जहाज बेकार म्हणतील, सहल रद्द होईल आणि सगळं झाकलेलं राहील. मी बायकांकडच्या बाजूला बसले, पण तिथं ऊन येत होतं म्हणून उठून पंख्याखाली सरकले.

अध्यक्षांनी विचारलं, "बोला ड्रायव्हरसाहेब. जुनं चांगलं का नवं?"

हे उभे राहिले. "जुनंच."

"हे तं आमाले ठाऊकच होतं," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मंडळातला एक भाजीवाला यांचा जुना मित्र. त्यानं विचारलं, "पण काऊन? नव्यात खराबी काय हाय?"

"खराबी काहीच नाही. ही सांगते की लय चांगलं हाय." मग हे पुढे म्हणाले, "मले सांगता येत नाही, कारण मले ते दिसलंच नाही. मले दिसत नाही आता, भाऊ. समोरचं जरासं दिसते, बाजूचं काहीच नाही. जुन्या जहाजावर पायानं फिरत होतो म्हणून ते आवडत होतं. नव्यावर हरवलो. धरून आणलं मले. तुमाले घेऊन जायचं काम माह्यानं होत नाही."

 बाहेरून कांदे-बटाट्याचा पुकारा ऐकू येत होता. भाजीवाला मित्र म्हणाला, "घेऊन जाणारा पाहू दुसरा. तू येतो का नाही, ते सांग."

"ते हिले विचारा," हे म्हणाले, आणि मी आधी जिथं बसले होते तिकडे तोंड करून बोलले, "अवं, कुठं हायेस? घरी ने मले."

एवढ्या वर्षांच्या संसारात यांनी माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. मी उठले, बायकांमधून वाट काढत पुढे गेले आणि त्यांचा हात धरला. धाडमध्ये नवरा-बायको हात धरून रस्त्यानं चालत नाहीत. त्यात भर बाजाराचा दिवस. माझ्या जुन्या विद्यार्थिनी भाजी घेता घेता वळून पाहत होत्या, त्यांच्या सासवा पाहत होत्या. मला रडू येत होतं आणि लाज अजिबात वाटत नव्हती. हे वाटेत फक्त हात घट्ट धरून चालत राहिले, आणि घर आलं तरी सोडेनात. शेवटी मीच म्हटलं, "अहो, कुलूप तर काढू द्या."