मुठीखालचे ओरखडे

टेक्सासमधल्या प्लेनोजवळच्या शूटिंग रेंजवर दर शनिवारी भेटणाऱ्या नागपूरकराने मला फसवलं. रायफलीच्या दुर्बिणीला हात लावण्याआधी रुमालाने एकेक बोट पुसणारा, दुसऱ्याची दुर्बीण बघून "स्वस्तातली घेतली ना यार?" म्हणणारा माणूस.

मला दुर्बीण विकताना त्याने ती शेवटपर्यंत स्वतःच्या मुठीतच धरली. "काका, नुसतं आरपार बघा! हजार यार्डांवरचं टार्गेट कसं दिसतं! एकदाही रायफलवर चढवली नाही, शप्पथ." मी आरपारच बघत राहिलो. घासाघीस करून भाव पाडला, त्यातच खूश!

घरी रायफलवर बसवायला घेतली आणि हादरलो. नळीवर, दुर्बीण रायफलला आवळतात त्या कड्यांचे जुने खोल ओरखडे होते, नेमके त्याच्या मुठीखालच्या जागी. माझ्यासारख्या व्यापाऱ्याने माल हातात न घेताच सौदा केला होता!

नागपूरकरा, शनिवारी ये. सगळ्यांसमोर सांग, मूठ का सोडली नाहीस?