बारा नोव्हेंबरची हजामत

तारखा कशा लिहाव्यात हे मी जगाला शिकवते, आणि त्याचा मला पगार मिळतो. हिशेबाचे तक्ते बनवायचं एक सॉफ्टवेअर आहे, त्याची मदतीची पानं मी लिहिते. म्हणजे तुम्ही कुठे अडलात आणि कोपऱ्यातल्या प्रश्नचिन्हावर बोट टेकवलंत, की जो मजकूर उघडतो (आणि जो न वाचताच तुम्ही बंद करता) तो माझा. त्यातलं तारखांचं पान तर खास माझं. आधी वर्ष लिहा, मग महिना, मग दिवस. कारण कुठे दिवस आधी लिहितात, कुठे महिना आधी, आणि यंत्राला तुमच्या मनातलं कळत नाही. हे शेवटचं वाक्य लिहिलं तेव्हा ऑफिसात माझं कौतुक झालं होतं.

माहेर माझं नागपूरचं. सासर काशीत, रामघाटावर. सासरे, म्हणजे अण्णा, तीर्थपुरोहित. सांगली-मिरजेकडचे यजमान काशीला आले की पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घरी उतरतात. कोण कधी येणार हे सगळं अण्णांच्या डोक्यात असायचं आणि कधी चुकायचं नाही. आता जे चाललंय ते सुधारायचं, ही माझी जुनी खोड. एका रविवारी मी लॅपटॉप घेऊन अण्णांच्या समोर मांडी घातली आणि त्यांचं डोकं रिकामं करून शीटमध्ये भरलं. वर जाहीर करून टाकलं, की आजपासून घरात जे कोणी येणार, ते यजमान असोत की पाहुणे, सगळं ह्या शीटप्रमाणे. कोणी काही लक्षात ठेवायचं नाही. माई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "बरं झालं बाई, एक परेशानी गेली."

आता माझी करणी ऐका. अण्णा बोलत होते भराभर, मी टाइप करत होते भराभर, आणि आधी वर्ष, मग महिना वगैरे करायला वेळ कोणाला होता? घरचंच तर काम! मी आपल्या शाळेतल्या सवयीने आधी दिवस, मग महिना असं लिहीत गेले. लॅपटॉप ऑफिसचा, त्याची मांडणी अमेरिकेची. तो महिना आधी वाचतो. पंचवीस-अकरा लिहिलं की तो गोंधळायचा, कारण पंचविसावा महिना त्यालाही ठाऊक नाही. ती नोंद तारीख न होता तशीच डावीकडे चिकटून बसायची. तेवढ्या हट्टी नोंदी मी हाताने नीट केल्या. ज्या गुमान उजवीकडे जाऊन बसल्या, त्या मला सरळ वळणाच्या वाटल्या. त्याच फितूर निघाल्या.

त्यात दोन नोंदी अशा होत्या. एक यजमान: कुलकर्णी, सांगली, चौघे, तीर्थश्राद्ध. ते यायचे होते अकरा डिसेंबरला. आणि दुसरे पाहुणे: कुलकर्णी, सांगली, चौघे, आमच्या विनूभाऊजींसाठी मुलगी दाखवायला. ते बारा नोव्हेंबरला. (सांगलीत कुलकर्ण्यांना तोटा नाही, त्याला मी काय करू?) यंत्राने अकरा-बाराचं बारा नोव्हेंबर केलं आणि बारा-अकराचं अकरा डिसेंबर. वर मी शहाणीने तारखा महिन्याच्या नावानिशी सुबक दिसतील अशी सोय करून ठेवली होती. आता शंका यायला जागाच उरली नाही. ज्या दिवशी मुलगी बघायची, त्या दिवसापुढे माझ्या शीटमध्ये सुबक अक्षरात श्राद्ध लिहिलेलं होतं.

विनूभाऊजी माझे धाकटे दीर. वेदपाठशाळेत शिकवतात, आवाज असा की समोरच्या तीरावर ऐकू जावा, आणि स्वभाव असा की घरात आहेत हे कळूही नये. मी लग्न होऊन आले तेव्हा इथल्या गल्ल्यांत रोज हरवायचे. हा मुलगा न कंटाळता मला शोधून आणायचा आणि घरी कोणाला सांगायचा नाही. मला भाऊ नाही, आणि भाऊजींमुळे तो नाही असं वाटतही नाही. पण त्यांचं लग्न जमत नव्हतं. मुली यायच्या, स्कूटरही न शिरणारी गल्ली बघायच्या, मणिकर्णिकेकडून येणारा धूर बघायच्या, गच्चीवरची माकडं बघायच्या आणि चहा पिऊन निघून जायच्या. शेवटी ते माझ्यापाशी म्हणाले होते, "वहिनी, ही शेवटची. ही नाही म्हणाली तर पुन्हा कोणाला बोलवू नका. मला वाईट वाटतं." एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस असं बोलला, तेव्हापासून हे जमावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते.

मुलीचं नाव अनुजा. तिची अट होती की आधी फोनबिन नको, काय ते समोरासमोर. त्यामुळे माझ्या नंबरावर अकरा नोव्हेंबरला जो निरोप आला, तो अनोळखी नंबरावरून: 'निघालो. उद्या सकाळी पोचतो. चौघे. कुलकर्णी.' मी शीट उघडली, बारा नोव्हेंबर बघितला, आणि अण्णांना सांगितलं, "उद्या श्राद्धाचे यजमान येतायत." आता वर्षश्राद्ध असतं तर अण्णांनी तिथीवरून मला तिथेच पकडलं असतं. पण तीर्थश्राद्धाला तिथी लागत नाही. यात्रेकरू पोचला की करायचं. अण्णा हो म्हणाले, माईंनी उडीद भिजत घातले.

सकाळी अनुजाचे वडील दादासाहेब आणि तिचे मामा पुढे आले. अनुजा आणि तिची आई धर्मशाळेत आवरत होत्या. दादासाहेब वनखात्यातून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या मिशा... काय सांगू! आधी मिशा दारातून आत आल्या, मागाहून दादासाहेब. अण्णांनी त्यांना पाटावर बसवलं आणि गोत्र विचारलं. दादासाहेबांनी सांगितलं. मग वडिलांचं नाव विचारलं, आजोबांचं, पणजोबांचं. मग आईचं, आजीचं, पणजीचं. मग आजोळच्या तीन पिढ्या. दादासाहेबांना घाम फुटला. त्यांनी मामांच्या कानात सांगितलेलं मी पलीकडून ऐकलं: काशीची माणसं सोयरीक फार कसून बघतात. मला ते वाक्य जरा विचित्र वाटलं, पण मी वड्यांच्या घाईत होते.

सगळी नावं झाल्यावर अण्णा म्हणाले, "चला, आधी क्षौर, मग गंगास्नान, मग पुढचं."

दादासाहेबांचा हात मिशीवर गेला. मुलीचा बाप! होणाऱ्या व्याह्यांच्या दारात बसून नाही कसं म्हणायचं? मामांनी त्यांना समजावलं, म्हणे पोरीच्या सुखापुढे केसांचं काय. (मामांचे वडील हयात, त्यामुळे त्यांची सुटका झालेली. दुसऱ्याचे केस कापायचे असले की माणूस फार उदार होतो.) घाटावर आमच्या नेहमीच्या न्हाव्याने डोकं उरकलं, वस्तरा मिशीपाशी आणला, आणि त्या भल्या माणसालाही दया आली असावी. त्याने अण्णांना विचारलं, "पंडितजी, मोंछ भी?"

"सब," अण्णा म्हणाले.

पुढचं मी मामांकडून नंतर ऐकलं. मिशी उतरेपर्यंत दादासाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. मग नोव्हेंबरच्या गार पाण्यात बुडी मारून, कुडकुडत, गुळगुळीत होऊन ते घरी आले, तर समोर धोतर नेसून विनूभाऊजी हजर, हातात दर्भ. दादासाहेबांनी फोटोवरून मुलगा ओळखला. मुलाने त्यांना ओळखायचा प्रश्नच नव्हता. आणि एरवी मुखदुर्बळ असलेले आमचे भाऊजी, विधी सुरू झाला की एकदम सेनापती होतात. जानवं उजव्या खांद्यावर घ्या. डावा गुडघा टेका. बोलू नका. हात असा नाही, असा. भाऊजी सांगतील तसं दादासाहेब करत होते, आणि मुलगा जरा कडक आहे अशी मनाशी नोंद करत होते.

तेवढ्यात दाराशी अनुजा आणि तिची आई आल्या. मी पुढे झाले. अनुजाचा फोटो मी पाहिलेला होता. पण फोटोत चष्मा नव्हता, आणि माझ्या डोक्यात अकरा डिसेंबर पक्का बसलेला. मला दिसली ती श्राद्धाला मोरपंखी पैठणी नेसून, केसांत गजरा माळून, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन आलेली एक मुलगी. हल्लीच्या मुलींना काही कळत नाही, असं मी मनात म्हटलं. तरीही आवाजात शक्य तेवढा गोडवा आणून तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "गेलेलं माणूस काही परत येत नसतं. मन घट्ट करायचं. पण तो गजरा तेवढा काढून ठेव हं."

तिने गोंधळून गजरा काढला आणि पेढ्यांच्या पुड्यावर ठेवला. तिच्या आई घाबऱ्याघुबऱ्या आत गेल्या, पाटावर बसलेल्या तुळतुळीत गृहस्थांना पाठमोरं बघून म्हणाल्या, "अहो काका, आमचे हे कुठे दिसले का?" गृहस्थ वळले. माउली मटकन खाली बसली.

अनुजाने मला विचारलं, "कोण गेलंय?"

मी म्हटलं, "तुमच्याकडचे कोणी. आमच्या शीटमध्ये नाव नाहीये."

"आम्ही तर मुलगा बघायला आलोय."

मी धावत जाऊन लॅपटॉप उघडला. अकरा डिसेंबरसमोर लिहिलं होतं: मुलगी बघणे, कांदेपोहे. मी त्या ओळीकडे बघितलं, ओळीने माझ्याकडे बघितलं. बाहेर येऊन मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की चूक माझी, यंत्राने महिना आधी वाचला, आणि आज श्राद्ध नव्हतंच. विनूभाऊजींच्या हातातला भाताचा पिंड तसाच राहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. मला त्या वेळी गंगेनेच पोटात घ्यावं असं वाटलं. ह्या मुलाचं एक लग्न, ते मी श्राद्धाच्या पाटावर नेऊन बसवलं होतं.

अण्णा मात्र शांत. संकल्प सोडलाय, पितर बसलेत, आता अर्ध्यावरून उठता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. दादासाहेबही म्हणाले, खरंय. त्यांना वाटलं होतं, मंगलकार्याआधी पूर्वजांची आठवण काढतातच, काशीत जरा विस्ताराने काढत असतील. "मिशीची मात्र शंका आली होती," ते म्हणाले, "पण विचारायचं कोणाला?"

इथे अनुजा हसायला लागली. आधी पदराआड, मग उघड, मग उंबऱ्यावर बसून, पैठणीसकट. हसता हसता तिने चष्मा काढला, डोळे पुसले आणि विनूभाऊजींना विचारलं, "तुम्ही बाबांना गुडघा टेकायला लावलात?"

"हो. डावा."

"आणि त्यांनी टेकला?"

"आधी उजवा टेकला होता. मी रागावलो."

"आमच्या घरात हे अजून कोणाला जमलेलं नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा हसत सुटली. मग भाऊजीही हसले. हा माणूस असा खळखळून हसतो, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

श्राद्ध यथासांग झालं. होणारे व्याही-विहीण आमच्या घरी पहिल्यांदा जेवले ते उडदाचे वडे, खीर आणि आमसुलाची चटणी. जेवण झाल्यावर माईंनी दोघांना नावेतून शिंदे घाटापर्यंत पाठवलं. नाव बराच वेळ परत येईना. मी गच्चीवर उभी राहून माकडांना हाकलत होते आणि प्रत्येक नाव बघत होते. दोघं आली तेव्हा गजरा पुन्हा केसांत होता. अनुजा वडिलांना म्हणाली की मला पसंत आहे, आणि तुमचं काय ते सांगा. दादासाहेबांनी सवयीने ओठावर बोट फिरवलं, तिथे काहीच नव्हतं.

"मिशी गेली, तीन पिढ्या तृप्त झाल्या," ते म्हणाले, "आता मी नाही म्हणून कसं चालेल?"

मी आनंदाने रडले. भाऊजी येऊन पाया पडले, तर त्यांना उठवायचं सोडून मी अजूनच रडले.

लग्न सांगलीला ठरलं. पत्रिका दादासाहेबांनी स्वतः छापून घेतली. तारीख आकड्यांत नव्हतीच. वार, तिथी, महिना, साल, सगळं अक्षरी. तळाशी, जिथे घरातली पोरंटोरं 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' असं लिहितात, तिथे एक ठळक ओळ होती: 'तारखेबाबत शंका असल्यास वधूपित्यास विचारावे. वरपक्षाकडे चौकशी करू नये.' पत्रिका वाचून मंडळी आली ती सगळी वेळेवर आली. आणि मांडवात पाऊल टाकल्याबरोबर प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला: ह्यांतली वहिनी कोणती?